सम्राट अशोक विमान अपघात (1978)

एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग 747 जातीचे विमान 1 जानेवारी 1978 रोजी रात्री मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून दुबईकडे निघाले आणि उड्डाणानंतर सुमारे 101 सेकंदांत, नियंत्रण सुटून, वांद्र्याजवळ अरबी समुद्रात कोसळले. 190 प्रवासी व 23 कर्मचारी असे सर्व 213 जण मृत्युमुखी पडले. 1971 मध्ये दाखल झालेले हे कंपनीचे पहिले जंबो जेट होते. 1996 मध्ये हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमानांची हवेत टक्कर होईपर्यंत भारताच्या भूमीवर वा किनाऱ्यालगत एवढी जीवितहानी झालेला दुसरा विमान अपघात नव्हता.

किनारा ओलांडताना विमानाने उजवीकडे हलके वळण घेतले व ते पुन्हा समतल झाले. मात्र मुख्य वैमानिकासमोरील स्थितिदर्शक, म्हणजेच कृत्रिम क्षितिज, उजवा कल दाखवीतच अडकून राहिला असावा. या उपकरणाच्या तबकडीवर आकाश व जमीन यांच्यातील रेषा कलते आणि मधली विमानाची छोटी आकृती स्थिर राहते. रेषा अडकली, तर सरळ उडणारे विमानही कललेले दिसते. दिवसा खिडकीबाहेरचे क्षितिज ही चूक दाखवून देते. त्या रात्री मात्र पुढे काळा समुद्र होता आणि त्यावर तितकेच काळे आकाश. आंतरकर्णाला, म्हणजे कानातील तोल जाणणाऱ्या भागाला, सावकाश होणारा कल जाणवत नाही, त्यामुळे शरीराची साक्षही निरुपयोगी ठरली. नसलेला उजवा कल काढण्यासाठी वैमानिकाने विमान डावीकडे झुकवले. कल 90 अंशांपलीकडे गेला की पंखांची उचल विमानाला तोलून धरत नाही, उलट खाली ओढू लागते. येथे तो सुमारे 108 अंशांपर्यंत पोहोचला होता.

वैमानिक कक्षातील संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाचा अर्थ हा अपघाताच्या कारणाबाबतच्या वादाचा खरा गाभा आहे. आपले उपकरण 'टॉपल' झाल्याचे, म्हणजे कोलमडून चुकीची स्थिती दाखवू लागल्याचे, मुख्य वैमानिक म्हणतो, आणि सहवैमानिकही आपल्या उपकरणाबद्दल तसेच बोलतो. दोन्ही उपकरणे एकाच वेळी बिघडली, असा याचा शब्दशः अर्थ होतो. परंतु सहवैमानिकाचे उपकरण खरा डावा कल दाखवीत होते आणि त्याचा त्याने चुकीचा अर्थ लावला, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. अखेरच्या काही सेकंदांत उड्डाण अभियंत्याने मुख्य वैमानिकाचे लक्ष दुसऱ्या एका उपकरणाकडे वेधण्याचा प्रयत्न केल्याचे ऐकू येते. तोवर सावरण्याइतकी उंची उरली नव्हती.

प्रारंभी घातपाताचा संशय घेतला गेला, पण समुद्रातून अंशतः काढलेल्या अवशेषांत स्फोटाच्या खुणा आढळल्या नाहीत. भारतीय चौकशीने मुख्य वैमानिकाच्या उपकरणातील बिघाड मान्य करून, विमानाच्या स्थितीचे भान सुटल्यावर त्याने दिलेल्या विसंगत नियंत्रणांना आणि इतर उपकरणांच्या आधारे विमान न सावरण्याला अपघाताचे कारण ठरवले. पुढे सर्रास वापरला गेलेला 'वैमानिकाची चूक' हा शब्दप्रयोग या निष्कर्षाचा पूर्वार्ध गाळतो, म्हणून तो अपुरा आहे. विमान व उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांवर हलगर्जीपणाचा ठपका ठेवणारे दावे अमेरिकेत दाखल झाले. तेथील फेडरल न्यायालयाने 1985 मध्ये तो आरोप फेटाळला.