विहिरीतलं पाणी चाललंय कुठे?

बोअर मारायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘पाणी किती फुटांवर लागेल?’ पण ते पाणी येतं कुठून आणि जातं कुठे, हे एका विहिरीत डोकावून कळत नाही. त्यासाठी नकाशाच काढावा लागतो.

समजा, माळावरच्या विहिरीत पाणी 12 मीटर खोल आहे आणि ओढ्याकाठच्या विहिरीत 4 मीटरवर. ओढ्याकाठचं पाणी वर आहे असं वाटतं ना? आता जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची धरा: माळ 560 मीटर, ओढाकाठ 550. वजाबाकी केली की माळावरच्या पाण्याची पातळी येते 548 आणि ओढ्याकाठची 546. म्हणजे उंचावर आहे ते माळाचंच पाणी. गावातल्या पंचवीस-तीस विहिरी अशा मोजायच्या (मोजलेल्या खोलीतून कठड्याची उंची वजा करायला विसरू नये), सारख्या पातळीचे बिंदू रेषेने जोडायचे. साधारणपणे या रेषांना काटकोनात, जास्त पातळीकडून कमी पातळीकडे भूजल वाहतं. एखाद्या जागेभोवती रेषांची बंद वर्तुळं दिसली आणि आतली पातळी खाली असली, तर तिथे बहुधा भरमसाट उपसा चालू आहे.

मात्र पातळीच्या नकाशाला खडकाच्या नकाशाची जोड हवीच. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भूभाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. लाव्हाचे थर एकावर एक साचलेले. काळ्या पाषाणात भेगा असतील तरच पाणी, वरच्या झिजलेल्या मुरमात ते सहज मुरतं. मधूनच डाइक, म्हणजे खडकाची उभी भिंत, आडवी येते. ती अभेद्य असेल तर वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि पलीकडची विहीर कोरडी राहते. पाझर तलाव बांधण्याआधी हे बघायलाच हवं. खाली अखंड पाषाण निघाला, तर तलाव भरलेला दिसतो, पण त्यातलं बरंचसं पाणी मुरण्याऐवजी उन्हाने उडून जातं.

केंद्रीय भूजल मंडळाने 2012 पासून देशभर जलधरांचं, म्हणजे पाणी धरणाऱ्या थरांचं, नकाशांकन हाती घेतलं. काम मोलाचं आहे. पण त्याचं मुख्य प्रमाण 1:50,000, म्हणजे नकाशावरचा 1 सेंटिमीटर जमिनीवर 500 मीटर. तेवढ्यात आपल्याकडे कितीतरी शेतं आणि विहिरी येतात! म्हणून गावाचा बारीक नकाशा गावानेच, जाणकाराला सोबत घेऊन करावा, असं मला मनापासून वाटतं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा घेते. गावाला सुरुवातीला दोनच पुरेत: पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात आणि ऐन उन्हाळ्यात मे महिन्यात. पाण्याची खोली मोजायला साहित्य म्हणाल तर मोजपट्टी, दोर आणि एक वही.