कानाला मुंग्या आल्या म्हणजे ताकद आली का?

माझा भाचा रोज संध्याकाळी साडेसातला जिमला जातो. निघण्याआधी शेकरमध्ये पाणी, त्यात व्यायामाआधी जोर यावा म्हणून घेतात ती 'प्री-वर्कआउट' नावाची निळसर पावडर एक स्कूप, खळखळ हलवायचं आणि उभ्याउभ्या घटाघटा प्यायचं. पंधरा-वीस मिनिटांनी तो कानाच्या पाळ्या चोळायला लागतो. गालांना, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. "मामा, लागलं बघ," म्हणतो. मुंग्या आल्या तर माल अस्सल, नाही आल्या तर डबा बनावट, अशी त्याच्या जिममधली परीक्षा आहे.

मी औषधशास्त्र शिकवतो. एका रविवारी त्याच्याकडून डबा मागून घेतला आणि मागचं बारीक अक्षर भिंगाखाली वाचलं. १२ ग्रॅमच्या एका स्कूपमध्ये सिट्रुलिन मॅलेट ६ ग्रॅम, बीटा-अ‍ॅलनिन ३.२ ग्रॅम, टॉरिन १ ग्रॅम, कॅफीन २५० मिलिग्रॅम, बाकी चव, रंग आणि गोडवा. मग दोघं ओट्याशी बसलो आणि यातलं काय, कधी आणि कशासाठी काम करतं ते एकेक करून पाहिलं.

मुंग्यांपासूनच सुरुवात केली, कारण त्याचा सगळा विश्वास त्यांच्यावर होता. त्या येतात बीटा-अ‍ॅलनिनमुळे. त्वचेखाली खाज जाणवणारे जे चेतातंतू असतात, त्यांना हा पदार्थ डिवचतो. त्रास असा काही नाही, तासाभरात ओसरतं. पण त्याचं खरं काम स्नायूंत चालतं आणि ते फार सावकाश. तिथे तो हिस्टिडिन या अमिनो आम्लाशी जोडला जाऊन कार्नोसिन बनतो. जोराचा व्यायाम करताना स्नायूंत आम्लता वाढते, ती हे कार्नोसिन काही प्रमाणात शोषून घेतं. साठा वाढायला रोज ३ ते ६ ग्रॅम घेऊनही चार आठवडे तरी लागतात. फायदा दिसतो तो साधारण एक ते चार मिनिटं चालणाऱ्या दमछाकीच्या कामात, जसं ४०० किंवा ८०० मीटरची धाव. दहा सेकंदांत संपणाऱ्या डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून वजन उचलण्याला, त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणजे आजच्या मुंग्यांचा आजच्या व्यायामाशी काही संबंध नाही. हीच मात्रा दिवसभरात थोडी थोडी विभागून घेतली तर मुंग्या कमी येतात आणि कार्नोसिन तेवढंच साठतं. हे ऐकून भाचा जरा हिरमुसला.

मग त्याला जे 'लागतं' ते काय? ते कॅफीन. डब्यावर कितीही नावं असली तरी अर्ध्या-पाऊण तासात जाणवणारा जोर जवळजवळ सगळा याच एका पदार्थाचा असतो. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जातं आणि ते पेशींवरच्या आपल्या ठरलेल्या जागांवर (रिसेप्टरवर) बसलं की थकवा जाणवतो. कॅफीन त्याची जागा आधीच अडवून बसतं. थकवा तिथेच असतो, त्याचा निरोप मेंदूला पोचत नाही. त्यामुळे तेच वजन थोडं हलकं वाटतं, दोन रेप्स, म्हणजे वजन उचलायच्या दोन खेपा, जास्त निघतात. हा फायदा खरा आहे, अनेक प्रयोगांत दिसलेला आहे. दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम एवढी मात्रा बहुतेकांना पुरते. भाच्याचं वजन ६२ किलो, म्हणजे त्याला १८५ च्या आसपास. तो घेत होता २५०, आणि शनिवारी 'लेग डे'ला दीड स्कूप.

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी मर्यादा सांगितली: एका वेळी २०० मिलिग्रॅम, दिवसभरात ४००. गरोदर स्त्रियांसाठी दिवसाला २००. यात दिवसभराचा चहा-कॉफीही धरायचा. आपल्या एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं, एनर्जी ड्रिंकच्या कॅनमध्ये त्याहून बरंच जास्त.

मला खरी काळजी वाटली ती वेळेची. निम्मं कॅफीन शरीराबाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. साडेसातला घेतलेल्या २५० पैकी १२५ मिलिग्रॅम रात्री साडेबारालाही रक्तात असतं. हे म्हणजे तीन कप चहा पिऊन अंथरुणात शिरण्यासारखं झालं. एका प्रयोगात झोपेच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम दिलं, तरी झोप तासाभराहून जास्त घटली. स्नायूंची डागडुजी होते झोपेत. ती कापून व्यायाम वाढवायचा आणि दुसऱ्या दिवशी मरगळ आली म्हणून स्कूप मोठा करायचा, हे चक्र मी पोरांमध्ये फार पाहतो आणि जीव तुटतो. ज्यांना संध्याकाळशिवाय जिमला वेळच नाही त्यांनी कॅफीन नसलेली पावडर घ्यावी, नाहीतर सरळ एक केळं खाऊन जावं.

मापाचंही तसंच. स्कूप हे आकाराचं माप आहे, वजनाचं नाही. पावडर दबली की त्याच स्कूपात जास्त मावते. वेल्समध्ये २०२१ साली एका २९ वर्षांच्या फिटनेस ट्रेनरने शुद्ध कॅफीनची पूड मापायला जो काटा वापरला, तो २ ग्रॅमपासून पुढेच वजन दाखवणारा होता. त्याला हवं होतं काहीशे मिलिग्रॅम. पोटात काही ग्रॅम गेलं आणि तो तरुण वाचला नाही. सुटी, शुद्ध कॅफीनची पावडर म्हणूनच घरात आणू नये. पाणी न घालता कोरडी पावडर तोंडात टाकायचं जे खूळ रील्समधून पसरलंय, त्यात पावडर श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो आणि सगळं कॅफीन एकदम पोटात उतरतं.

सिट्रुलिन हे नाव कलिंगडाच्या लॅटिन नावावरून पडलं, जपानी संशोधकांना ते कलिंगडातच सापडलं होतं. मूत्रपिंडात त्याचं आर्जिनिन हे अमिनो आम्ल होतं आणि त्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, दंड टम्म फुगतो. आरशात छान दिसतं, पण हा फुगवटा तासाभरात उतरतो. रेप्समध्ये थोडी भर पडल्याचं काही प्रयोगांत दिसलं, काहींत काहीच दिसलं नाही. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

गंमत अशी, की ज्या पदार्थाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे तो भाच्याच्या डब्यात नव्हताच. क्रिएटिन. १८३२ मध्ये शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांसातून ते वेगळं केलं. आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींच्या स्नायूंत त्याचा साठा मुळातच कमी असतो. रोज ३ ते ५ ग्रॅम, वेळ कुठलीही, जेवणानंतर पाण्यातून घेतलं तरी चालतं. अंगात काही लागत नाही, मुंग्या नाहीत, धडधड नाही, तीन-चार आठवड्यांत ताकद हळूहळू वाढते. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे ज्यावरून पाहतात ते क्रिएटिनिन रक्ततपासणीत थोडं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून क्रिएटिन घेत असल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यांच्या सल्ल्याशिवाय घेऊच नये.

लेबलवर 'प्रोप्रायटरी ब्लेंड' (कंपनीचं गुप्त मिश्रण) असं लिहून सगळ्यांचं मिळून एकच वजन दिलं असेल तर डबा परत ठेवा. आत कॅफीन किती हे कळायचा मार्ग राहत नाही. डीएमएए हे नाव दिसलं तर हातही लावू नका. हे मुळात नाक मोकळं करण्याचं जुनं औषध. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ३० वर्षांची एक धावपटू शेवटच्या मैलात कोसळली आणि दगावली, तिने पाण्यात मिसळलेल्या पावडरीत ते होतं.

आणि आपल्या राज्यात तर त्याहून भयंकर चाललंय. मेफेन्टरमिन हे शस्त्रक्रियेच्या वेळी कण्यात भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो वर आणायचं इंजेक्शन. जिमच्या पोरांना ते 'प्री-वर्कआउट' म्हणून विकलं जातं आणि पोरं ते शिरेत टोचून घेतात. पोलिसांनी पुण्या-मुंबईत अशा बाटल्या विकणाऱ्यांना पकडलं आहे. याने हृदयाचे ठोके बेफाम होतात, व्यसन लागतं, काहींना भास आणि संशयाचे झटके येऊन मनोविकार विभागात दाखल करावं लागलं आहे. जिममध्ये कुणी सुई पुढे केली तर त्या दिवशीच घरी सांगा.

अठरा वर्षांखालच्या मुलांनी, रक्तदाब किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांनी, सतत बेचैनी वाटणाऱ्यांनी कॅफीन असलेली पावडर घेऊच नये. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं अँटिबायोटिक कॅफीन शरीरात रेंगाळत ठेवतं. तो कोर्स चालू असताना पावडर बंद ठेवावी. छातीत दुखलं, ठोके चुकायला लागले, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली तर वजन तिथेच खाली ठेवायचं आणि दवाखाना गाठायचा. जाताना डबा सोबत न्या. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला पोटात काय गेलंय हे त्या बारीक अक्षरांवरूनच कळणार असतं.