पिंपांच्या मापाचं स्टेशन आणि फळीवरची ब्रुअरी

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात फलाट रस्त्याच्या पातळीवर नाहीत, जवळजवळ एक मजला वर आहेत. उत्तरेकडून येणारी लाइन रीजंट्स कालव्यावरून पुलाने आत आणावी लागली, म्हणून स्टेशनही वर उचललं गेलं. मग खाली उरलेल्या प्रचंड जागेचं करायचं काय? इंजिनियर विल्यम हेन्री बार्लो यांनी तिथे बर्टनहून येणाऱ्या बिअरचं गोदाम केलं आणि फलाट पेलणाऱ्या बिडाच्या खांबांमधलं अंतर पिंपांच्या मापाने ठरवलं. 1868 साली स्टेशन सुरू झालं. पिंपांनी भरलेल्या वाघिणी लिफ्टसारख्या पाळण्यात घालून खाली उतरवल्या जात. आज त्याच खांबांमधून युरोस्टारचे प्रवासी बॅगा ओढत जातात.

ब्रुअरीचा, म्हणजे बिअरच्या कारखान्याचा, लेआउट (फळीवर मांडलेली छोटी मॉडेल रेल्वे) करायचा विचार कुणी बोलून दाखवला की मी त्याला आधी ही गोष्ट सांगतो. रेल्वेने बिअर वाहिली हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. बिअरने रेल्वेला आकार दिला, हे मात्र लक्षात यावं लागतं. ते एकदा लक्षात आलं की फळीवर काय बांधायचं, याची अर्धी उत्तरं आपोआप मिळतात.

बर्टन अपॉन ट्रेंट हे स्टॅफर्डशायरमधलं नदीकाठचं गाव. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, आणि त्या पाण्यात फिकट रंगाची, कडवट बिअर फार चांगली उतरते. मठातले साधू मध्ययुगापासून तिथे बिअर करत होते. अठराव्या शतकात कालवा आणि नदीमार्गे माल हल बंदरात, तिथून बाल्टिकमार्गे रशियापर्यंत जाई. विल्यम बास यांनी 1777 मध्ये आपली ब्रुअरी काढली ती याच भरभराटीच्या काळात. पुढे नेपोलियनच्या युद्धांनी हा व्यापार मोडला आणि 1822 च्या रशियन जकातीने तो जवळजवळ संपला. गावाला नवी बाजारपेठ शोधणं भाग होतं.

ती बाजारपेठ म्हणजे आपला देश. कलकत्ता, मुंबई, मद्रास इथल्या साहेब लोकांना फिकट एल (बिअरचा एक प्रकार) पुरवण्याचा धंदा तोवर लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसन यांच्या हातात होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका संचालकाने बर्टनचे ब्रुअरीवाले सॅम्युअल ऑलसप यांना, तुम्ही का करत नाही, असं विचारलं. मग ऑलसप यांच्याकडे काम करणाऱ्या जॉब गुडहेडने चहाच्या किटलीत पहिला नमुना उकळला, अशी आख्यायिका आहे. किटली खरी असो वा नसो, पुढच्या काही वर्षांत बर्टनची पेल एल भारताकडे निघालेल्या जहाजांवर चढू लागली. आज पबच्या मेनूवर ‘आयपीए’ ही जी तीन अक्षरं दिसतात, ती ‘इंडिया पेल एल’ची; त्यातला ‘आय’ म्हणजे इंडिया.

रेल्वे बर्टनला पोचली 1839 मध्ये आणि त्यानंतर देशातल्या देशातच मागणी प्रचंड वाढली. 1870 च्या दशकाच्या उत्तरार्धात बास ही जगातली सर्वांत मोठी ब्रुअरी होती. वर्षाला सुमारे 10 लाख बॅरल, आणि एक बॅरल म्हणजे 36 गॅलन, साधारण 164 लिटर. नकली मालाला आळा घालण्यासाठी त्यांचा लाल त्रिकोण 1 जानेवारी 1876 रोजी नोंदवला गेला. ब्रिटनमधलं ते पहिलं नोंदणीकृत व्यापारचिन्ह.

एवढा माल गावातून हलवायचा कसा? ब्रुअरी एका आवारात मावत नव्हती. जव भिजवून मोड आणायची कोठारं एका टोकाला, उकळण्याची इमारत दुसरीकडे, पिंपं बनवणारे आणखी कुठे. घोडागाड्यांनी रस्ते तुंबले. मग 1860 च्या सुमाराला कंपन्यांनी संसदेची परवानगी काढून भर गावातून स्वतःचे रूळ टाकले. एकट्या बासकडे सुमारे 16 मैल खाजगी लाइन होती. गावात तीसहून अधिक ठिकाणी रूळ रस्ता ओलांडत. मुख्य बाजाररस्त्यावर फाटक पडायचं, चार चाकांचं छोटं इंजिन पाचसहा वाघिणी ओढत एका भिंतीच्या दारातून दुसऱ्या भिंतीच्या दारात शिरायचं, आणि लोक थांबून राहायचे.

भिंतीतल्या दारातून आत शिरणारे हे रूळ मॉडेल करणाऱ्यांना इतके का भावले, हे समजायला छंदाचा थोडा इतिहास पाहावा लागतो. मार्कलिन या जर्मन खेळणी कंपनीने 1891 मध्ये रुळांची ठरावीक मापं आणली तेव्हा खेळण्यातली गाडी दिवाणखान्याच्या जमिनीवर धावत होती. ब्रिटनमधल्या हॉर्नबीच्या खेळण्यातल्या गाड्या 1920 पासून मिळू लागल्या, आणि टेबलावर मावणारी डबलो मालिका 1938 मध्ये आली. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा लहान. 1:87 प्रमाणात त्यांच्या पोटात तेव्हाची मोटर मावेना, म्हणून रूळ 16.5 मिलिमीटरचेच ठेवून वरचा सांगाडा 1:76 केला. ओओ हे ब्रिटनचं लाडकं माप असं तडजोडीतून जन्मलं.

तरीही मोठी एक्स्प्रेस फिरवायची तर मोठी खोली लागतेच. वळण प्रशस्त हवं, फलाट लांब हवा. पुण्यात जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात 1998 पासून अख्खं शहर गाड्यांसह उभं आहे. ते पाहून आलेल्या प्रत्येकाला घरी तसंच काहीतरी करावंसं वाटतं आणि मग घराची मापं आठवतात. ब्रुअरीला ही अडचण नाही. तिथलं इंजिन आखूड, वळण तीव्र, सायडिंगमध्ये, म्हणजे वाघिणी उभ्या करायच्या बाजूच्या रुळावर, वाघिणी तीनचार. मूळ जागाच अडचणीची असल्यामुळे चारपाच फुटांच्या फळीवर खोटेपणा फारसा करावा लागत नाही.

आणि गाडी नुसती गोल फिरवायची नसल्याने खेळ वेगळाच रंगतो. 1970 च्या दशकाच्या अखेरीस ॲलन राइट यांनी ‘इंगलनूक सायडिंग्ज’ नावाचा लेआउट केला: गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे दोन सांधे, तीन सायडिंग, त्यांत अनुक्रमे पाच, तीन, तीन वाघिणींची जागा. एकूण आठ वाघिणी; चिठ्ठ्या टाकून निघेल त्या क्रमाने पाच वाघिणींची गाडी लावायची. असे क्रम होतात 6720. जवाची वाघीण, कोळशाची, रिकाम्या पिंपांची, भरलेल्या पिंपांची, प्रत्येकीचं दार ठरलेलं. या कोड्याला ब्रुअरीइतकं शोभणारं दुसरं आवार मला तरी माहीत नाही.

डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत तर याहून नवल होतं. तिथे 1 फूट 10 इंच रुंदीचे अरुंद रूळ होते आणि दोन पातळ्या जोडायला बोगदा गोल गोल चढत जाई. इंजिनियर सॅम्युअल जेओगेगन यांनी 1882 मध्ये घडवलेल्या इंजिनात सिलिंडर धूळमातीपासून दूर राहावेत म्हणून वर बसवले होते. रुंद रुळांवर काम पडलं तर हेच इंजिन यारीने उचलून एका खास गाड्यात ठेवत. इंजिनाची चाकं गाड्यातल्या रोलरवर फिरत आणि त्या जोरावर खालचा गाडा चाले. लहान मूल आईच्या चपला घालून चालतं तसं. हा गाडा चालता करून दाखवणारा मॉडेलर भेटला तर मी त्याला नमस्कार करीन.

इमारती मात्र विकत मिळणाऱ्या किटमधून जुळवून आणता येत नाहीत, कारण कुठल्याच दोन ब्रुअऱ्या सारख्या नव्हत्या. पण आकारामागे कारण असतं. धान्य एकदाच वर चढवायचं आणि मग एकेक मजला गुरुत्वाने खाली आणायचं, म्हणून मनोरा उंच. गरम रस थंड करायला वरच्या मजल्यावर वारा हवा, म्हणून तिथे काचेऐवजी लाकडी झडपा. मोड आणायच्या कोठारात जव जमिनीवर पातळ पसरायचे, उजेड नको, म्हणून मजले बुटके, खिडक्या लहान आणि इमारत लांबलचक. टोकाला भट्टी, तिच्यावर वाऱ्याबरोबर फिरणारी टोपी. मटकीला मोड आणणाऱ्या घरात हे वेगळं समजवावं लागत नाही. कारण माहीत नसताना बांधलेली ब्रुअरी नुसती लाल पेटी दिसते.

बर्टनचे खाजगी रूळ 1960 च्या दशकात उखडले गेले, कोठारंही बरीचशी पडली. हाती उरतात फोटो, नकाशे आणि विटा. विटा यासाठी, की इंग्रजी बांधकामात साधारण एका फुटात चार थर येतात आणि ओओमध्ये एक फूट म्हणजे 4 मिलिमीटर. विटेचा एक थर बरोबर 1 मिलिमीटर! मी जुन्या फोटोवर भिंग धरून थर मोजतो. दाराच्या चौकटीपर्यंत 26 थर आले, म्हणजे दार साडेसहा फुटांचं आणि माझ्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर 26 मिलिमीटरचं. दाराजवळ उभं केलेलं 36 गॅलनचं पिंप जेमतेम 1 सेंटिमीटर भरतं. बोथट सुईने रेघा ओढायच्या, विटांचा रंग द्यायचा आणि तो वाळला की पातळ राखाडी रंग सोडून लगेच फडक्याने पुसायचा. रेघांत राखाडी राहतो, विटा मोकळ्या होतात. खालचे दहाबारा थर मी जास्त काळवंडवतो, कारण इंजिन त्या भिंतीला जवळजवळ खेटून जायचं.