नवकांकरीत हार मांडतानाच ठरते

देवळांच्या ओट्यांवर, किल्ल्यांच्या पायऱ्यांवर, लेण्यांच्या जमिनीवर एकात एक तीन चौकोन कोरलेले दिसतात. हा नवकांकरी या दोघांच्या खेळाचा पट. (पट लेण्यात आहे म्हणून तो लेण्याइतकाच जुना, असं मात्र धरू नये. दगडावर पट कधीही कोरता येतो.)

घरी पुठ्ठ्यावर १८, १२ आणि ६ सेंटिमीटर बाजूंचे चौकोन एकाच मध्याभोवती काढा. प्रत्येक बाजूच्या मध्यातून बाहेरच्या चौकोनापासून आतल्यापर्यंत रेघ ओढा आणि तिथेच थांबा. रेघ पार मध्यापर्यंत नेली किंवा कोपरे जोडले, तर खेळ बदलतो. कोपरे आणि बाजूंचे मध्य ही घरं, एकूण २४. एकाला नऊ चिंचोके, दुसऱ्याला नऊ खडे.

आळीपाळीने एकेक सोंगटी रिकाम्या घरात ठेवायची. एका रेघेवर आपल्या लागोपाठ तीन आल्या की समोरच्याची एक मारायची. पण त्याची तिघींची ओळ जुळलेली असेल, तर बाहेर दुसरी असेपर्यंत त्या ओळीतली नाही. सगळ्या मांडून झाल्या की रेघेवरून शेजारच्या रिकाम्या घरात सरकायचं. दोनच उरल्या किंवा हलायला जागा नाही, की हार. तीनच उरल्यावर कुठेही उडी मारायची मुभा ठेवायची का, हे आधीच ठरवा. भांडणं इथेच होतात.

१९९३ मध्ये झ्युरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या राल्फ गॅसर यांनी हा खेळ संगणकाने पूर्ण सोडवला. मांडणीनंतरच्या सुमारे ७.७ अब्ज स्थिती त्यांनी उलट्या क्रमाने तपासल्या: आधी हरलेल्या स्थिती, मग तिथवर नेणाऱ्या चाली, असं मागे मागे जात. मांडणीचा टप्पा सुरुवातीपासून पुढे शोधला. निष्कर्ष असा, की दोघेही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणजे कोणी हरला, तर कुठेतरी चुकलाच.

बहुतेक वेळा चूक मांडताना होते. नवखा खेळाडू ओळ जुळवायच्या घाईत कोपरे भरतो. पण १२ कोपऱ्यांतून प्रत्येकी दोनच वाटा निघतात, मधल्या चौकोनाच्या चार मध्यघरांतून चार. एकही सोंगटी मेली नाही, तर मांडणीनंतर सहाच घरं रिकामी राहतात. कोपऱ्यातली सोंगटी तिथेच कोंडते.

खरा धाक दुहेरी ओळीचा. बाहेरच्या आणि मधल्या चौकोनांच्या वरच्या बाजूंचे चारही कोपरे तुमचे, आणि पाचवी सोंगटी त्या दोन बाजूंच्या मध्यघरांत खालीवर करते. दर चालीला नवी ओळ, दर चालीला एक बळी. ती वर असताना खालचं मध्यघर रिकामं होतं, आणि आतल्या चौकोनाच्या मध्यघरातून शत्रू तिथे शिरू शकतो. म्हणून पहिला बळी त्या आतल्या सोंगटीचा घ्या. ती स्वतःच्या ओळीत सुरक्षित असेल, तर पाचवी खालच्या घरातून हलवूच नका.