सुटकेनंतरचा घास

आजारपणात लंघन झालं की घरातली वडीलधारी माणसं लगेच पोळीभाजीचं ताट वाढत नाहीत. आधी पेज, मग मऊ भात. 15 एप्रिल 1945 रोजी उत्तर जर्मनीतल्या नाझींच्या बेर्गन-बेल्सन छळछावणीत शिरलेल्या ब्रिटिश सैनिकांकडे दया भरपूर होती, पेज नव्हती.

आत सुमारे 60 हजार कैदी होते, बहुतेक ज्यू. हजारो प्रेतं उघड्यावर पडलेली, आणि उवांमधून पसरणाऱ्या टायफसची (आपल्या ओळखीचा टायफॉइड वेगळा) साथ पेटलेली. सैनिकांनी स्वतःच्या शिध्यातले डबे उघडले. मांस, चरबी, जे होतं ते दिलं. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्यांनी ते अधाशासारखं खाल्लं आणि त्यातली कित्येक माणसं त्यानंतर दगावली. सुटकेनंतर या छावणीत 13 हजारांहून जास्त जीव गेले. साथ आणि उपासमार ही मोठी कारणं होतीच, पण काहींना त्या पहिल्या भरपेट जेवणानं मारलं.

असं का व्हावं? खायला मिळेनासं झालं की यकृतातली साठवलेली साखर दिवसभरात संपते. मग चरबी जळते, स्नायू झिजतात, हृदयाचा स्नायूही त्यातून सुटत नाही. इन्सुलिन खाली येतं. पेशींमधले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम हळूहळू रिते होतात. गंमत अशी (गंमत कसली!) की रक्त तपासलं तर आकडे बरेचसे ठीक दिसू शकतात. अशा देहात एकदम पिष्ट आणि साखर गेली की इन्सुलिन उसळी घेतं, आणि भुकेल्या पेशी रक्तात उरलंसुरलं फॉस्फेट व पोटॅशियम आत ओढून घेतात. रक्तातली पातळी कोसळते. हृदयाचा ठेका चुकतो, श्वासाचे स्नायू थकतात. साखर जाळायला लागणारं थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, तेही तळाला गेलेलं असतं. आज डॉक्टर याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. तेव्हा यातलं फॉस्फेटचं कोडं सुटलेलं नव्हतं.

मग ब्रिटिशांनी आणलं ‘बंगाल फॅमिन मिक्श्चर’. 1943च्या बंगालच्या दुष्काळात, ज्यात लाखो माणसं मेली, वापरलेलं दुधाची भुकटी, पीठ, साखर आणि मीठ यांचं पातळ मिश्रण. ज्या साम्राज्याच्या कारभारात बंगाल उपाशी मेला, त्याच्याच डॉक्टरांनी तिथली कृती बेल्सनला न्यावी, हे मला अजून नीट गिळता येत नाही. गिळता ते कैद्यांनाही येईना. पूर्व युरोपातल्या जिभांना काळा पाव आणि आंबट चवींची सवय, आणि हे औषध गोडमिट्ट. अनेकांना मळमळायचं.

दुसरा उपाय होता प्रथिनांचं द्रावण शिरेतून देण्याचा. त्याचा अभ्यास करायला जॅनेट व्हॉन या ब्रिटिश डॉक्टर आल्या होत्या. पण सुई दिसताच रुग्ण किंचाळू लागत. छावण्यांमध्ये इंजेक्शन टोचून माणसं मारली जात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पांढरा कोट म्हणजे बरं करणारा, हा अर्थ त्यांच्यापुरता पुसला गेला होता. शेवटी उपयोगी पडलं ते साधंच: पातळ दूध, घोटघोट, पुन्हा पुन्हा.

ते पाजायला हात कुठून आणायचे? लंडनहून वैद्यकीचे शंभरेक विद्यार्थी आले. पण त्याआधीच कैद्यांमधल्याच डॉक्टर-परिचारिकांची तुकडी उभी राहिली होती. तिच्या प्रमुख हदासा बिमको, पेशानं दंतवैद्य. त्यांचा नवरा आणि लहानगा मुलगा आउशवित्झच्या छळछावणीत मारले गेले होते.

भुकेच्या आजाराचा बारकाईनं अभ्यास त्याआधीच झाला होता, आणि तोही ज्यू डॉक्टरांनीच केला होता. 1942 साली वॉर्सा घेटोत, म्हणजे पोलंडच्या राजधानीत नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या भिंतबंद वस्तीत, इझ्रायल मिलेकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी मंदावलेली नाडी, घसरलेला रक्तदाब, थंड पडत चाललेली शरीरं, सगळं मोजून ठेवलं. मोजणारेही उपाशीच होते. जुलैमध्ये ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत माणसं न्यायला सुरुवात झाली आणि काम थांबलं. बहुतेक डॉक्टर वाचले नाहीत. हस्तलिखित मात्र चोरून भिंतीबाहेर पोचलं. छापलं गेलं 1946 साली, बेल्सनच्या पुढच्या वर्षी.

आज आपल्याकडच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत अतिकुपोषित बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी थोडंथोडंच पातळ दूध देतात, तेही वजन पाहून, मापानं. बेल्सनच्या इस्पितळात मात्र पोट भरू लागल्यावरही रुग्ण उशाखाली, पांघरुणात पावाचे तुकडे लपवून ठेवत.