वेदनाशामक गोळी : ‘जेवणानंतर घ्या’ एवढे सांगून भागत नाही

गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेणाऱ्या रुग्णाला बहुधा एकच सूचना मिळते : जेवणानंतर घ्या. त्यामुळे पोट भरलेले असले की गोळी बाधत नाही आणि इंजेक्शन घेतले तर पोटाला धोकाच नाही, असा समज पक्का होतो. तो चुकीचा आहे, कारण मुख्य अपाय औषध रक्तात मिसळल्यावर होतो, मग ते कोणत्याही वाटेने शरीरात गेलेले असो.

ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात. या क्षेत्रातील संशोधनासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. सांध्यात हीच द्रव्ये सूज आणि वेदना वाढवतात, पण जठरात ती आम्लापासून अस्तराचे रक्षण करतात.

मूत्रपिंडातले प्रोस्टाग्लँडिनचे काम तर विलक्षण सुंदर आहे. प्रत्येक सूक्ष्म गाळणीत एका धमनीतून रक्त येते व दुसरीतून बाहेर पडते. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी घटले की अँजिओटेन्सिन हे संप्रेरक बाहेर नेणारी धमनी आवळते, प्रोस्टाग्लँडिन आत आणणारी धमनी उघडी ठेवते आणि गाळणीतला दाब टिकतो. वेदनाशामकाने आतली वाट आकसते, टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळीने बाहेरची सैलावते, त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर रक्तातले पाणीही कमी होते. तिन्ही एकत्र आल्यास मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते.

म्हणूनच रुग्णाला शिकवताना तो आणखी कोणती औषधे घेतो हे आधी विचारावे. वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्यांत एकाच वर्गातले औषध असू शकते, त्यामुळे पाकिटावरचा घटक वाचायला शिकवावे. जुलाब, उलट्या किंवा डेंग्यूची शंका असताना ही गोळी स्वतःहून घेऊ नये. डांबरासारखी काळी शौच झाली, लघवी कमी झाली किंवा पायांवर सूज आली, तर ती थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे. सांधेदुखीवर ‘पूर्ण नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटक न छापलेल्या पुड्यांवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा हीच वेदनाशामके मिसळलेली वारंवार आढळली आहेत. शेवटी ‘समजले ना?’ असे न विचारता, गोळी केव्हा घ्यायची आणि केव्हा थांबवायची हे रुग्णाकडूनच वदवून घ्यावे.