तीनशे साठ सीसीचे गणित

सीसी जास्त म्हणजे ताकद जास्त, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. जपानच्या छोट्या 'केई' गाड्या पाहिल्या की तो टिकत नाही.

'केई' म्हणजे हलकी. युद्धानंतर मोठी गाडी सामान्य जपानी माणसाला परवडणारी नव्हती, म्हणून १९४९ मध्ये सरकारने हा वेगळा वर्ग ठरवला. १९५१ मध्ये इंजिनाच्या आकाराची मर्यादा होती फोर-स्ट्रोकला ३६० सीसी आणि टू-स्ट्रोकला २४०. १९५५ मध्ये दोघांनाही ३६० मिळाले आणि टू-स्ट्रोकचे फावले.

का? सीसी म्हणजे पिस्टन खाली सरकताना सिलिंडरात मोकळी होणारी जागा. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने गोल फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा इंधन पेटते, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत. शिवाय झडपा नाहीत, त्यामुळे इंजिन हलके आणि स्वस्त. मूळची यंत्रमाग बनवणारी, हमामात्सूची सुझुकी १९५५ मध्येच 'सुझुलाइट' घेऊन आली. १९५८ ची सुबारू ३६० विमाने बनवणाऱ्या नाकाजिमा कंपनीच्या वारसांची. वेगळी चौकट न ठेवता पत्र्याच्या कवचालाच भार पेलायला लावल्याने तिचे वजन चारशे किलोच्याही आत राहिले!

१९६७ मध्ये होंडाने एन३६० आणली, फोर-स्ट्रोक. आता आकडे पाहा. सुबारू टू-स्ट्रोक, होंडा फोर-स्ट्रोक; दोन्ही गाड्यांना दोन सिलिंडर, सीसी जवळपास सारखेच. सुरुवातीची सुबारू ४,५०० आरपीएमला (म्हणजे क्रँकच्या मिनिटाला तितक्या फेऱ्या होताना) १६ अश्वशक्ती देई. दर सिलिंडरात मिनिटाला ४,५०० वेळा इंधन पेटे. होंडा ८,५०० आरपीएमला ३१ अश्वशक्ती देई. पेटण्याच्या वेळा ४,२५०. म्हणजे वेळा जवळपास तेवढ्याच, पण होंडाच्या प्रत्येक पेटण्यातून निघणारे काम जवळजवळ दुप्पट! टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर ढकलताना ताजे मिश्रणही थोडे निसटते, थोडा धूर आत उरतो. फोर-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर काढायला आणि ताजे मिश्रण ओढायला पिस्टनची स्वतंत्र फेरी असते, म्हणून सिलिंडर नीट भरतो. पुढे टू-स्ट्रोकवाल्यांनीही ताकद बरीच वाढवली, पण निसटणारे पेट्रोल आणि त्यात मिसळलेले ऑइल यांचा धूर सत्तरच्या दशकातल्या प्रदूषण-नियमांपुढे अडचणीचा ठरला. जुन्या स्कूटरमागे उभे राहिलेल्यांना तो वास आठवत असेल.

पेट्रोलच्या नळीवर चुंबक लावून मायलेज वाढवून देणारे विक्रेते आजही भेटतात. त्यांना पैसे देऊ नका. सिलिंडर किती भरतो, हे चुंबकाने बदलत नाही.

१९७६ मध्ये केईची मर्यादा ५५० सीसी झाली, १९९० मध्ये ६६०. डिसेंबर १९८३ मध्ये आपल्याकडे आलेली मारुती ८०० सुझुकीच्या याच छोट्या गाड्यांच्या घराण्यातली. फक्त तिला तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन होते, जपानच्या केई वर्गात न बसणारे.